टेबलाचा आखूड पाय

खोली बारा बाय आठ. भाडं वर्षाचं, आगाऊ.
शाळेच्या फाटकापासून चारशे पावलं,
मीच मोजलीत; पावलागणिक दर बदलतो.
यंदा न्ये बाई आहे आणि तिचा मुलगा.
नवरा दूर समुद्राकाठी क्रेन चालवतो.
ती पहाटे पाचला पेज चढवते,
रात्री साडेअकराला त्याच्यापुढे गरम पाण्याचं घमेलं ठेवते
आणि तो पाय बुडवून रसायनशास्त्र वाचतो.

भिंतीवर आधीच्या भाडेकरूंचे गुण:
६१२. ५४८. एक आकडा नखाने खरवडलेला.
चुना मारू का, विचारलं मी.
"राहू दे," म्हणाली, "तेवढीच सोबत."

टेबलाचा एक पाय आखूड आहे.
त्याखाली मी अर्धं पुस्तक सरकवलंय
वर्तमानपत्रात बांधून.
मुलगा वर कोपर टेकतो. टेबल हलत नाही.

सत्त्याहत्तर साली, ऑक्टोबरात,
हेइलोंगजियांगच्या शेतावर कर्णा खरखरला:
कॉलेजची परीक्षा पुन्हा सुरू.
हातातला कोबी हातातच राहिला.
सबंध तळावर गणिताचं पुस्तक एक.
युनछिंगने ते मधोमध फाडलं,
बीजगणित तिला, भूमिती मला,
पंधरा दिवसांनी अदलाबदल.
आठव्या दिवशी तिला दुसऱ्या तुकडीवर धाडलं.
मधे नदी. धड वाहत नव्हती, धड गोठतही नव्हती.
गोठली तेव्हा परीक्षेला तीन दिवस होते.

शाईची दौत काखेत धरून
बावीस किलोमीटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत.
निबंधाचा विषय आज आठवत नाही.
शाई आठवते: आधी गोठली, मग पाघळली,
एकुलत्या एका सदऱ्याची काख निळी झाली.
गणितात माझे म्हणावेत असे दोन प्रश्न.
बाकी सगळं नदीपलीकडे.

तिचं काय झालं ठाऊक नाही.
कदाचित तिला भूमिती नडली असेल.
पत्र टाकलं नाही मी. काय लिहायचं होतं,
माझं अर्धं परत कर?

आज जूनची सात तारीख.
गावभर भोंगे बंद, रस्त्याचं खोदकाम थांबलेलं.
न्ये बाईने लाल चिपाव घातलाय, उसना,
लाल शुभ म्हणून; बाजूची शिवण उसवलीय,
ती पिशवीने झाकत फाटकाशी उभी आहे
दोन हजार लाल बायांत.
आजोबा सांगायचे, राजाच्या काळी उमेदवार
अंथरूण-भांडं घेऊन कोठडीत बसायचे,
नातू झाला तरी पुन्हा पुन्हा यायचे.
तेव्हा मला हसू यायचं.
आता मी भाडं घेते.

आठ तारखेच्या संध्याकाळी
पोरांनी वरच्या मजल्यांवरून वह्या फाडून उधळल्या.
आमचा गप्प. सामान बांधता बांधता
त्याने टेबल उचललं.
"आजी, हे अर्धंच आहे."
"हो."

उकिडवा बसला, जमिनीवरच.
पहिलं पान वाक्याच्या मध्यापासून सुरू होतं.
परीक्षा संपली होती, कुणी तपासणार नव्हतं,
तरी त्याने पेन्सिल काढली
आणि वरच्या कोऱ्या पट्टीत
आधीचं अर्धं वाक्य लिहिलं. बीजगणिताचं.
बरोबर की चूक, मला कुठून कळणार.

आई खालून हाका मारत होती.
टेबल तेवढं डुगडुगत राहिलं.