कपाचा कान

इथे पेन्शनच्या पुंजीला मडकं म्हणतात.
लायब्ररीतल्या मदतीच्या टेबलावर
मी दर गुरुवारी दोन ते चार बसतो,
तिथे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा वाटलं,
चला, एक तरी शब्द ओळखीचा निघाला.

ग्लेनिस टेलराइटला त्यात नवल नव्हतं.
लाँगटनच्या कारखान्यात एकतीस वर्षं
तिने कपांना कान लावले.
दिवसाला सहाशे.
ओला कान दोन बोटांत पेलायचा,
टोकांना पातळ चिखल, हलका दाब,
मग सांध्याची खूण स्पंजाने पुसून टाकायची.
"भट्टीत कान निखळला तर पैसे कापायचे,
म्हणून माझे निखळायचे नाहीत."

दर शुक्रवारी पगारातलं थोडं
मडक्यात पडत राहिलं.
कारखाना बंद झाला, तिथे गाद्यांचं दुकान आलं,
मडकं मात्र फिरत राहिलं
या कंपनीतून त्या कंपनीत, तीनदा.
दरवेळी पत्रावर नवं नाव,
खाली तीच मुंगीएवढी अक्षरं.
पत्रं तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवली.
सगळी उघडली नाहीत. कोण उघडतं?

मग गुडघा गेला. टबात पाय टाकता येईना.
केल्विन प्लंबर टेप घेऊन आला, चहा प्यायला, म्हणाला,
टब काढू, बसायला फळी, वर शॉवर,
टाइल्ससकट साडेसहा हजार पौंड.
मडक्यात होते सहा हजार आठशे चाळीस.
वरच्या तीनशे चाळीसात
ती मनातल्या मनात बहिणीकडे, समुद्रावर,
चार दिवस राहूनसुद्धा आली.

खात्यात आले पाच हजार सातशे अठ्ठ्याऐंशी.

तिने कागद माझ्यापुढे सरकवला.
खातं बंद करण्याचे अडुसष्ट.
(मडकं फोडायचीही मजुरी असते.)
आणि कर, नऊशे चौऱ्याऐंशी.

मी समजावू लागलो:
चौथा हिस्सा करमुक्त, ते खरंच.
पण उरलेल्याचं असं आहे, की
त्यांनी धरून चाललंय,
एवढी रक्कम आता तुम्हाला
दर महिन्याला मिळणार.

"दर महिन्याला?"

दर महिन्याला.

मागे कुणीतरी प्रिंटरशी भांडत होतं.
ग्लेनिस हसायला लागली,
आधी आवाज न करता, मग खुर्ची हलेपर्यंत.
म्हणजे वर्षाला साठ हजारांची धनीण मी!
आणि हे त्यांना माहीत,
मला कुणी कळवलंसुद्धा नाही!
डोळे पुसून म्हणाली, बाकीचे अकरा महिने
कुठे अडकलेत तेवढं विचार.

फोन तिने आधीच करून झाला होता.
पन्नास मिनिटं व्हायोलिन, मग एक मुलगा,
तिला "डिअर" म्हणणारा,
तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरीकडे जोडून देणारा.
"त्या फोनला कान लावायचा राहिलाय,"
ती म्हणाली. "आमच्या वेळी असा माल
पुढे जाऊच दिला नसता."

कर परत मिळेल, मी सांगितलं,
फॉर्म आहे, पाच-सहा आठवडे लागतील.
अडुसष्ट गेले ते गेले.
आणि केल्विनने टाइल्स पुढे ढकलल्यात;
सध्या ती फळीवर बसून अंघोळ करते
उघड्या भिंतीला प्लास्टिक चिकटवून.
"कडा सुटतात," ती म्हणाली.
हे सांगताना मात्र हसली नाही.

फॉर्म आम्ही मिळून भरला.
शेवटचा प्रश्न:
या पुंजीतून पुढे आणखी काही रक्कम
मिळण्याची अपेक्षा आहे काय?
मी म्हणालो, नाही वर खूण करा, पुरे.
तिने पेन घेतलं,
दोन बोटांत, कान धरावा तसं अलगद,
आणि लिहिलं:
मडकं उपडं केलं आहे.
हवं तर येऊन वाजवून बघा.

रकाना लहान पडला.
"बघा" गेलं शेजारच्या चौकटीत,
जिथे छापलं होतं,
फक्त कार्यालयीन वापरासाठी.