कोणतीही पाच

माझ्या शाळेत ते वीस मार्कांचं होतं,
इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटलेलं,
परीक्षेच्या आदल्या रात्री
आई ताटं घेईपर्यंत पाठ होणारं.
ग्रामपंचायतीची कामे कोणती? कोणतीही पाच लिहा.
दिवाबत्ती, पाणीपुरवठा, जन्ममृत्यूची नोंद…
मी लिहायचे. आमच्या गल्लीतला दिवा
चौथीपासून दहावीपर्यंत बंदच होता.

इथे कीथलीत मी गणित शिकवते.
वेळापत्रकात माझा एक तास मोकळा सापडला
म्हणून नागरिकशास्त्र माझ्या गळ्यात.
एक आड एक शुक्रवारी, शेवटचा तास,
खोली नंबर चौदा, जिथला हीटर
मे महिन्यातही बंद होत नाही.
मी छापील कागद वाटते:
कौन्सिलची कामे. रिकाम्या जागा भरा.
झायनब भरते. कात्स्पर झायनबचं बघून भरतो.
एलिस खिडकीबाहेर बघतो,
तिथल्या बसथांब्याचं छप्पर
गेल्या हिवाळ्यात उडालं ते उडालंच.

"पुढच्या गुरुवारी सुट्टी," मी सांगितलं,
"आपल्या जिममध्ये मतदान आहे."
बाकं वाजली.
एलिसने हात वर केला, या वर्षात पहिल्यांदा.
"म्हणजे मिस, जे आपण इथे शिकतोय
ते ज्या दिवशी खरंच होणार
त्याच दिवशी आम्हाला बाहेर काढणार?"
घंटा झाली म्हणून वाचले.

हेडबाईंना विचारून पाहिलं,
मुलांना निदान दारातून बघू द्या.
श्रीमती ऑर्मरॉड भल्या आहेत.
म्हणाल्या, कल्पना सुंदर आहे.
सुंदर हा शब्द इथे
दार हळूच लावून घ्यायला वापरतात.

गुरुवारी संध्याकाळी मीही गेले.
पासपोर्ट माझा अजून निळा, सिंहांचा,
तरी यादीत नाव आहे. जुन्या साम्राज्याच्या वहीत
एवढी एकच बाकी माझ्या बाजूने निघालेली.
बास्केटबॉलच्या जाळीखाली प्लायवूडचा आडोसा,
दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल.
शाई नाही.
बाहेर आले तेव्हा बोट
उगाच उघडं उघडं वाटलं.

फाटकाशी सायकल आडवी टाकून एलिस बसलेला.
सातपासून आहे म्हणाला, मध्ये फक्त जेवायला गेलो.
मांडीवर माझाच कागद, पालथा,
त्यावर चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी.
"तुम्ही धरून एकशे चौदा. कुत्री वेगळी, सहा.
समोरचे आजोबा दोनदा आले,
चष्मा विसरले होते, त्यांना एकदाच धरलंय.
आमच्या रस्त्यावरची एकच बाई.
बाकीचे का नाही येत, मिस?"

मी त्याच्या शेजारी कट्ट्यावर टेकले.
हे उत्तर मला पाठ नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारी वॉकर ढकलत आली
आणि फाटकाची पायरी बघून थांबली.
एलिस उठला. आधी वॉकर आत ठेवला, मग तिला हात दिला.
परत येऊन आडवी रेघ मारली,
पाच पुरे केले.

मग कागद सुलटा केला.
रिकाम्या जागा सगळ्या तशाच.
"मिस," तो म्हणाला, "ही पायरी
यातल्या कितव्या नंबरात येते?"