दुसरी कॅसेट

बस्त्याव मस्कतला गेला
तेव्हा बँडचा गळा त्याच्याच बॅगेत गेला.
उद्यमबागेतल्या शेडमध्ये
चार महिने नुसतीच गिटार, ड्रम
आणि मधे माणसाएवढी मोकळी जागा.

मग गोकाकहून मल्लेशी आला.
पहिल्या ओळीलाच हलगेकर म्हणाला,
"ह्यो बस्त्याव न्हवं."
"अल्ल," मल्लेशी म्हणाला,
तांब्याभर पाणी प्याला
आणि पट्टी दोन सुरांनी चढवली.

रेकॉर्डिंग रात्री, शेजारची भट्टी निवल्यावर.
तिसऱ्या गेटावरून मालगाडी आली की थांबायचं.
एकदा थांबलो नाही.
ती शिट्टी अजून आहे बी-साइडला,
पोरं विचारतात, कुठला कीबोर्ड?

तीनशे प्रती काढल्या.
खडेबाजारात निम्मे म्हणाले, पहिलीच बरी होती.
त्यांनी दुसरी ऐकली होती की नाही, कोण जाणे.

गणपतीला बस्त्याव सुट्टीवर आला.
दुकानात उभ्यानंच ऐकली त्यानं, दोन्ही बाजू,
डोक्यावर हेडफोन, बोटं काउंटरवर.
मग हळूच म्हणाला,
"ह्यो श्वास कुठं घेतो रे?"

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानं दोन घेतल्या.
पैसे मोजून दिले.
आम्ही नको म्हणालो,
पण घेतले.