मरजियात

पाचव्या सेमिस्टरच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता:
औद्योगिक तालीम, सहा महिने, मरजियात.
आईने चष्मा लावून विचारलं, म्हणजे काय गं?
म्हटलं, मर्जी असेल तर.
बाबा म्हणाले, मग राहू दे, मार्क तर धरत नाहीत.
भावसार सर म्हणाले, बघ बाई, वर्गात निदान पंखा असतो.

मी खूण केली.
तोवर ट्रान्सफॉर्मर काढला होता तो फक्त वहीत:
चौकटीत चौकट, दोन्ही बाजूंना जिलब्या,
सुबक आकृतीचे दोन मार्क ठरलेले.
त्याला वास कसला येतो, ते कुठे विचारत नाहीत.

वार्निशचा येतो, गोडसर. आणि जळक्या तेलाचा,
जो ओढणीतून तीन धुण्यांतही जात नाही.
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, शेडच्या दाराशी
बसलेले असतात पादऱ्याचे, डभोईचे, वाघोडियाचे,
गळ्यात चिठ्ठी, पोटात ओल,
ब्रीदरमधले निळे खडे गुलाबी पडलेले.

कपिलाबेन सातवी शिकलेली.
तार बोटांतून जाताना तिला कळतं
कागद कुठे सुटलाय.
मला तिच्या शेजारचं मशीन, काउंटर मोडका,
म्हणून तोंडाने मोजायचं.
नऊशे चाळीस वेढे.
ती गुजरातीत, मी मराठीत,
मध्ये पत्र्यावर कबुतरं.

तीनशे पस्तीस. तीनशे छत्तीस.
तीनशे सदतीस,
तेवढ्यात तिच्याकडून आलं: त्रणसो सुडतालीस,
आणि माझ्या जिभेने तेच उचललं.
पुढे म्हणाले, अठ्ठेचाळीस.
दहा वेढे असे हवेतच राहिले
आणि मी नऊशे चाळीसला
खुशाल गाठ बांधली.

चार दिवसांनी रेशो टेस्ट.
दोन फेज बरोबर, तिसरा एक टक्का कमी.
परीक्षेत एक टक्का म्हणजे काही नसतं.
इथे अर्ध्यापुढे माफी नाही.
शनिवारचा अख्खा दिवस
वरचं लोखंड पत्रीपत्रीने उपसलं, कॉइल उतरवली,
कपिलाबेन तार उलटी सोडत होती,
मी रीळ धरून उभी,
ती मोजत नव्हती, मीही नाही.
शेठ म्हणाले, चालशे, स्टुडन्ट छे.
एवढंच. कोणी ओरडलं नाही.

सात तारखेला पाकिटं वाटली.
तिच्या पाकिटात एका कॉइलची मजुरी कमी.
जॉबकार्डवर तिचं नाव होतं,
मर्जीने आलेल्यांचं नाव
त्या कार्डावर घालत नाहीत.

स्टायपेंडच्या दोन नोटा घेऊन मी तिच्यापाशी गेले.
ती डबा उघडत होती.
नोटांचा हात तिने मनगटाने बाजूला सारला,
दुसऱ्या हातावर ढेबरं ठेवलं.
तारे मरजियात, म्हणाली. मारे फरजियात.
आणि हसली. टोमणा असता
तर बरं झालं असतं. ती खरंच हसली होती,
छुंदा हवा का विचारत होती.

ढेबरं मी उभ्यानेच खाल्लं.

तो ट्रान्सफॉर्मर कुठल्या खांबावर गेला, माहीत नाही.
पुढचे चार महिने मी तोंड मिटून मोजलं,
शंभर झाले की पत्र्यावर खडूची रेघ.

रिपोर्टच्या शेवटी दोन ओळींची जागा: काय शिकलात?
वाइंडिंग, लिहिलं. रेशो टेस्ट, लिहिलं.
अर्धी ओळ उरली.
तिथे बारीक अक्षरात लिहिलं,
साडत्रीस म्हणजे सदतीस,
सुडतालीस म्हणजे सत्तेचाळीस.
भावसार सरांनी शिक्का मारला.
तो नेमका त्याच ओळीवर बसला.