पॅटर्न

उद्यमबागेत आमच्या फौंड्रीला
एकाच आठवड्यात तीन मेल आले.
एक कंपनी फ्रेंच, एक जपानी,
तिसरी कुठली ते नीट कळलं नाही.
तिघींनाही आखातातला तोच गॅस हवा,
तोच बारा इंची व्हॉल्व्ह,
आणि तिघींचं एकच :
दर दुसऱ्या कुणाला सांगू नका.

किल्लेदार सायबांनी तीन दर टाकले.
मी तीन फायली केल्या, तीन रंगांच्या.
पॅटर्न खरं एकच.

नंदगडच्या सागाचा.
भरमाणी सुतार पॉलिश पेपर मारता मारता विचारतो,
"कुणाला मिळंल काम?"
ते तिकडं ठरणार, म्हटलं, दोह्यात की कुठं.
"तसं न्हवं. नाव कुणाचं ठोकायचं अंगावर?
बरं, जागा तेवढी मोकळी ठेवतो."

आणि ठेवली त्यानं,
चार बोटं रुंद, गुळगुळीत.

पावसाळा संपता संपता
चौथ्याच कंपनीला काम गेलं.
भरमाणीनं ऐकलं, चहा संपवला,
पंपाच्या झाकणाला लागला.

फायली ठेवायला माळ्यावर गेलो परवा.
पॅटर्न तिथंच, भिंतीला टेकून.
मोकळ्या जागेवर धूळ,
धुळीत बोटानं काढलेला
एक भ,
पुढचं अर्धवट.