साडेतेहतीस

बोट्सफ्योरच्या बंदरावर, मासळीच्या कारखान्यात
मी गारठ्याचा मिस्त्री.
एकवीस वर्षं कॉम्प्रेसरची कुरकुर ऐकतोय,
बोटांचा अमोनिया साबणाला दाद देत नाही,
आणि थंडी कशासाठी असते
हे मला पक्कं ठाऊक होतं:
मेलेलं नासू नये म्हणून.

मंगळवारी पहाटे
(घड्याळातली पहाट; जानेवारीत आमच्या आभाळात ती नसते)
सुलफ्रिदला मुलगी झाली
आणि रडली नाही.
नाळ कधीपासून आवळली होती, कुणाला सांगता येईना.
दाई हवेची पिशवी दाबत मोठ्यानं आकडे म्हणत राहिली.
कितव्या आकड्याला छाती हलली, मी विसरलो.

मग डॉक्टर म्हणाल्या, हीटर बंद करा.

दुकान वाढवताना दिवे मालवतात,
मला वाटलं, तसंच हे.
त्यांनी माझा चेहरा वाचला असावा.
म्हणाल्या, आग विझलीय, निखारे आत आहेत.
काही तासांनी मेंदू दुसऱ्यांदा पेटतो.
त्याआधी तिला गार करायचं. सहा तासांच्या आत.

विमानात सगळ्यांना पांघरुणं होती,
तिला सोडून.

त्रोम्सोला तिच्या पाठीखाली गादी,
गादीत फिरतं पाणी, कोपऱ्यात पंप.
आवाज ओळखला मी.
लहानसा, पण आमच्याच घराण्यातला.
बाहत्तर तास, साडेतेहतीस अंश.
हुडहुडी भरू नये म्हणून थेंबथेंब औषध.

सुलफ्रिद तिकडे किर्केनेसला, रक्त चढत होतं तिला.
फोनवर एवढंच विचारलं:
तिच्या अंगावर काही घातलंय ना रे?
घातलंय, म्हणालो.
लग्नानंतरचं माझं पहिलं खोटं नव्हे,
पण सगळ्यात थंड.

आईनं विणलेले लोकरीचे मोजे खिशात,
करडे, एक दुसऱ्याहून मोठा;
तिला आता नीट दिसत नाही.

पडद्यावर मेंदूची रेघ तळाला चिकटलेली.
दुसऱ्या रात्री जरा उचलली,
झोपेत कूस बदलावी इतकी.
गुनवोर, रात्रपाळीची नर्स, म्हणाली,
हे चांगलं असू शकतं.
'शकतं' तिनं दोनदा म्हटलं.

चौथ्या दिवशी ऊब परत द्यायला घेतली.
तासाला अर्धा अंश.
घाई नको, हे मला शिकवावं लागलं नाही.
गोठलेलं घाईनं सोडवलं तर आतून फाटतं,
किती पेट्या वाया घालवून शिकलोय.
ती गोठलेली नव्हती, माहीत आहे.
तरी प्रत्येक अर्ध्या अंशाला
मी श्वास धरून बसलो.

पस्तिसाला तिनं माझं बोट धरलं, वासासकट.
आणि कुरकुरली.

कुठलंही यंत्र कुरकुरलं
तर काय दुखतंय ते मी भिंतीआडून सांगतो.
हिचं ऐकलं,
आणि काहीच सांगता आलं नाही.
फोटो पुढच्या आठवड्यात काढणार आहेत, मेंदूचा.

मोजे काढून गुनवोरला दाखवतो.
ती आकड्याकडे बघते.
अजून दोन तास, म्हणते.