परत सांग

तालकाउआनोला खाडीवरून वारा सुटला
की आमच्या चढावर आधी माशांचा वास येतो, मग हाका.
अमारोला हाका ऐकू येतात.
कान तपासलेत दोनदा,
आईने सार्डिनच्या कारखान्यातली पाळी बुडवून.
कान ठणठणीत.
वाट मोडलीय ती कुठेतरी पुढे.

तो सहाचा, मी दहाची. मी त्याची दुभाषी.
"ती पाणी काल पाहिजे" म्हणजे
उद्या समुद्रावर जाऊ या.
"बूट भांडते" म्हणजे चावतोय.
पाववाला त्याला काही विचारायचा तेही
माझ्याकडे बघून.
विनोदाला तो हसायचा, पण
सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटाच,
आणि मग त्यावर सगळे पुन्हा हसायचे.

भाषाशाळेत तिया नोएलिया पत्ते मांडते:
आधी बघ. मग थांब. मग विचार, मी येऊ का?
टेबलावर त्याला सगळं जमतं.
मैदानात तो बघतो, थांबतो,
थांबणं इतकं मन लावून करतो
की डाव मोडून पोरं
केव्हाच दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली असतात.

सप्टेंबरातली गोष्ट. आभाळभर पतंग.
बास्तियानला फिरकी धरायला कोणीतरी हवं होतं,
आणि जवळ उभा होता फक्त हा.
"तार ओलांडली की ढील दे, त्याआधी देऊ नको, कळलं?"
एवढं लांब वाक्य.
मान डोलावण्यात अमारो पटाईत;
कळलं नाही की डोलावतोच.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
माझ्या तोंडात ते वाक्य सोपं करून तयार होतं,
सोललेल्या संत्र्यासारखं.

त्याने मान फिरवली, बास्तियानकडे.
"कळली नाही. परत सांग."

बास्तियानच्या कपाळाला आठी.
पण सांगितलं. तुकडे करून, बोट दाखवून:
तार. ती बघ. आता नाही.
आता नाही.
आता!

अमारोने ढील दिली, जराशी उशिरा.
पतंग तारेत.
सगळी पोरं त्याच्यावर ओरडली,
एकमेकांवर ओरडतात तशीच.

रात्री आईने विचारलं, आज काय केलंत?
"पतंग," तो म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
आईने माझ्याकडे पाहिलं.
मी सूपात पाव बुडवत राहिले.